म्हातारीचं निव्वळ वजन

कोरोनेल साल्दुएंदो गावात 'म्हातारी' या शब्दाचे दोन अर्थ होत होते, आणि दोन्ही फेर्मीन इराओलाच्याच गळ्यात पडलेले होते. एक त्याचं विमान. एका इंजिनाचं, चार माणसांचं आणि वयानं फेर्मीनपेक्षा चार वर्षांनी मोठं. दुसरी त्याची सासू, जिला सगळे मानानं दोन्या एर्सिलिया म्हणत. विमानाला हे नाव उड्डाण क्लबातल्या मंडळींनी लाडानं ठेवलं होतं आणि सासूला तिच्या स्वतःच्या मुलानं, म्हणजे रुबेननं. आपल्या आईला म्हातारी म्हणायची त्या भागात सर्रास पद्धत आहे आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या जावयानं म्हटलं, तर मात्र होतो.

त्या बुधवारी फेर्मीन दुकानाच्या मागच्या खोलीतून क्लबच्या मेकॅनिकशी फोनवर बोलत होता. "म्हातारी आता जड झालीय रे. पूर्वीसारखी उठत नाही. खालून तेल गळतंय ते वेगळंच. शनिवारी तिला न्यायचंय, तर उद्याच्या उद्या सगळं उघडून आत बघून घे." एवढं बोलून तो वळला, तर दुरुस्तीला टाकलेला चष्मा न्यायला आलेल्या सासूबाई दारात उभ्या. चष्मा नसल्यामुळे त्यांना दिसत कमी होतं, पण ऐकू यायला चष्मा लागत नाही.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मी पोहत जाईन."

खुलासा करायला फेर्मीनला बराच वेळ लागला, आणि खुलाशातला प्रत्येक शब्द त्याला आणखी खड्ड्यात घालत गेला. 'तेल विमानाचं गळतंय' हे त्यांनी मान्य केलं. 'जड कोण झालंय' हा प्रश्न मात्र तसाच शिल्लक राहिला.

जायचं होतं ला एस्कोन्दिदाला. तिथं शनिवारी दोन्या एर्सिलियांच्या नातवाचं, लेआंद्रोचं लग्न होतं. लेआंद्रोची आई, म्हणजे सासूबाईंची थोरली लेक, तो लहान असतानाच गेली. आजीनंच त्याला वाढवलं. नवऱ्या मुलाला हाताला धरून देवळात वेदीपर्यंत न्यायचा मान आईचा असतो, म्हणून तो आजीचा. "आजी आली नाही तर मी देवळात पाऊल ठेवणार नाही," असं पोरानं कळवलं होतं, आणि तो आजीच्याच हातचा असल्यामुळे बोलला तसं करण्याची दाट शक्यता होती. पण त्या वर्षी पंपा म्हणतात त्या गवताळ मैदानांत पूर आला होता. त्या सपाट मुलखात पूर धावत येत नाही. तो पाहुण्यासारखा येतो, बसतो आणि उठायचं नावच काढत नाही. दोन गावांमधला रस्ता कुठं गुडघाभर तर कुठं छातीभर पाण्याखाली होता.

रुबेननं आधी आपली नवी पिकअप काढली. रुबेन शेती अवजारं विकायचा, आणि आपली गाडी जाणार नाही अशी जागा देवानं अजून बनवलेली नाही असं त्याचं मत होतं. ती जागा पहिल्याच पुलापाशी सापडली. ट्रॅक्टरनं ओढून आणलेल्या गाडीतून सासूबाई उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांचे लग्नाचे बूट होते आणि बुटांत एक मासोळी होती. आता वळसा घालून, शेजारच्या प्रांतातून जाणारा दोन दिवसांचा रस्ता तेवढा उरला होता, आणि आईच्या कमरेला तो झेपणारा नव्हता.

आणि अशा रीतीनं सगळ्या घराची नजर फेर्मीनकडे वळली. या क्षणाची तो कित्येक वर्षं वाट पाहत होता. आजवर त्याच्या विमानाचं काम एवढंच होतं की रविवारी वर जायचं, गाव जागच्या जागी आहे याची खात्री करायची आणि खाली यायचं. "आमच्या दाजींचं वाहन जगात एकमेव आहे," रुबेन चारचौघांत सांगायचा, "जिथून निघतं तिथंच पोचतं." फेर्मीनची बायको ग्लादिस हसायची नाही, पण विमानात बसायचीही नाही. तेव्हा शनिवारी म्हातारीनं म्हातारीला लग्नाला पोचवलं, तर फेर्मीनच्या आयुष्यातल्या एका मोठ्या अपमानाची भरपाई होणार होती. नाही पोचवलं, तर विमान विकून टाकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर रुबेननं गिऱ्हाईकच आणलं असतं.

जाणार चौघं होते. फेर्मीन, सासूबाई, ग्लादिस आणि रुबेन. शिवाय सासूबाईंचं टोपलं. त्यात घरच्या डुकराचे सॉसेज, एक अख्खा हॅम, चीजची दोन चाकं आणि लेआंद्रोला आवडणारी बिहीच्या फळाची वडी होती. जुन्या विमानाला वजनाचं सोंग चालत नाही. तेव्हा फेर्मीननं बायकोला विचारलं, "तुझ्या आईचं वजन किती गं?"

"अडुसष्ट," ग्लादिस म्हणाली.

"कधीचं?"

"माझ्या लग्नातलं. तेव्हापासून तिनं तेच सांगितलंय. आणि हे बघ, तिला जाऊन विचारू नकोस. बाबांनी एकदा विचारलं होतं."

बाबांचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आणि फेर्मीननंही उकरून काढलं नाही.

संध्याकाळपर्यंत ही अडचण गावभर झाली, आणि गावात जितकी माणसं तितके सल्ले आले. बेकरीवाली म्हणाली, दोन दिवस सगळ्यांनी सूपवर राहा. पाद्री म्हणाले, आधी येऊन पापांची कबुली देऊन टाक, तेवढाच भार कमी. क्लबचे अध्यक्ष डॉक्टर क्वास्नोव्स्की येर्बाचा कडू काढा नळीनं ओढत म्हणाले, "बायकांनी सांगितलेल्या वजनात वीस मिळवायचे. हे शास्त्र आहे." मेकॅनिकनं सगळं ऐकून घेतलं आणि इंजिनावर हात ठेवून म्हणाला, "म्हातारी चढेल. पण पट्टीच्या टोकाची झाडं आधी येतील."

भरीला सरकारही होतं. उड्डाणाची वर्दी द्यायला फेर्मीननं फोन केला, तर पलीकडचे अधिकारी म्हणाले, "ला एस्कोन्दिदाची धावपट्टी बंद आहे. तिच्यावर गुरं आहेत." पुरात तेवढीच जागा उंच, म्हणून आसपासची सगळी गुरं तिथं येऊन राहिली होती.

"मग गुरं हटवली तर?"

"गुरं हटवल्याचं लेखी पाहिजे."

"कुणाचं?"

"संबंधिताचं," अधिकारी म्हणाले. संबंधित म्हणजे गुरांचा मालक की गुरं, हे विचारायची फेर्मीनची हिंमत झाली नाही. शेवटी नवऱ्या मुलानं स्वतः पत्र लिहून दिलं, की शनिवारी सकाळी धावपट्टी रिकामी करण्याची जबाबदारी माझी, कारण लग्न माझं आहे.

गुरुवारी रुबेनला एक नामी युक्ती सुचली. रुबेनच्या युक्त्या नामीच असायच्या. निस्तरायची पाळी दुसऱ्यावर यायची, एवढाच त्यांच्यात दोष होता. "दाजी, धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायचा काटा आहे ना? टोपलं क्लबावर पोचवायचंय म्हणून आईला गाडीत बसवतो. भरलेली गाडी तोलायची, आईला चहापाण्याला खाली उतरवायचं, रिकामी गाडी तोलायची. वजाबाकी तुम्ही करा. म्हातारीला पत्ताही लागणार नाही."

फेर्मीन शिकलेला माणूस होता. दोन भिंगांमधला केसाएवढा फरक ओळखणं हा त्याचा धंदा होता. तरीही तो हो म्हणाला, यावरून त्याची मनःस्थिती लक्षात यावी.

कोठारावर ट्रकांची ही रांग लागली होती. उरलेसुरले रस्ते बंद व्हायच्या आत जो तो गहू आणून टाकत होता. काट्यावर तोलोसा नावाचा गृहस्थ काचेच्या खोलीत बसे. बाहेर धान्य वाळवणाऱ्या पंख्यांचा इतका आवाज असे, की तो जे काही बोले ते भोंग्यातून बोले. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ माल, सगळं भोंग्यातून. बाहेर एक जण लांब पोकळ नळी घेऊन उभा असे. गाडी काट्यावर आली की मालात नळी खुपसून नमुना काढायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते तो इतकी वर्षं करत होता की आता नजर टाकायचीही त्याला गरज भासत नसे. रुबेनची पिकअप काट्यावर चढली तशी त्यानं मागच्या टोपल्यात नळी खुपसली आणि बाहेर काढून वास घेतला.

"सॉसेज," तो म्हणाला. "कोरडा माल आहे."

"हात काढ त्यातून," दोन्या एर्सिलिया खिडकीतून म्हणाल्या.

तोलोसानं आकडा टिपून घेतला. मग ठरल्याप्रमाणे फेर्मीन पुढं झाला. "दोन्या एर्सिलिया, तोलोसाच्या बायकोनं तुम्हाला आत बोलावलंय. कॉफी झालीय." सासूबाई खुशीनं उतरल्या. पण कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम होता. आणि मघाच्या प्रकारानंतर टोपलं उघड्यावर ठेवणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी नळीवाल्यालाच ते उचलायला लावलं आणि आत घेऊन गेल्या. काट्यावर रुबेन आणि रिकामी गाडी राहिली. फेर्मीन त्या वेळी वजाबाकीसाठी कागद शोधत होता, त्यामुळं टोपलं गेलेलं त्यानं पाहिलंच नाही.

तोलोसाला रुबेननं सगळं नीट समजावलं होतं. गुपचूप तोल, कुणाला कळू देऊ नकोस. तोलोसानं मानही डोलावली होती. पण आकडा समोर आला की हात आपोआप बटणाकडे जायचा. भोंगा खरखरला आणि रांगेतल्या शेवटच्या ट्रकापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं:

"इराओला. माल, सासू. निव्वळ एकशे वीस किलो. ओलावा तपासायचाय का?"

पंखे चालूच होते, पण फेर्मीनला शांतता ऐकू आली. मग रांगेतल्या एका ट्रकानं भोंगा वाजवला, दुसऱ्यानं साथ दिली, आणि पाच मिनिटं मिरवणूक निघाल्यासारखा गोंगाट झाला. फेर्मीनच्या डोक्यात मात्र त्याही स्थितीत एकच विचार आला. एकशे वीस. म्हणजे झाडं नक्की आधी येणार.

दोन्या एर्सिलिया कॉफीचा कप हातात घेऊनच बाहेर आल्या, मागोमाग टोपलं घेतलेला नळीवाला. त्या ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे कुणाचं डोकं?" त्यांनी विचारलं.

रुबेन गाडीचे आरसे पुसायला लागला. फेर्मीन म्हणाला, "माझं." का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. बहुधा घरातला दुसरा पुरुष आरसे पुसत होता म्हणून.

"तोलोसा, बियाण्याची पोती तोलायचा काटा बाहेर काढ."

काटा आला. त्यांनी नळीवाल्याला टोपलं खाली ठेवायला लावलं, कप त्याच्या हातात दिला, बूट काढले आणि काट्यावर चढून उभ्या राहिल्या. "सांग आता. त्यातूनच सांग."

"अठ्ठ्याहत्तर," भोंगा म्हणाला. थोड्या अदबीनं म्हणाला.

"ऐकलंत सगळ्यांनी? अठ्ठ्याहत्तर. बाकीचं डुकराचं वजन आहे." मग त्या खाली उतरल्या. "आता हे दोघं. हे चढले नाहीत तर मी विमानात चढत नाही."

आधी रुबेन चढला. एकशे बारा. ट्रकवाल्यांनी त्याला मनापासून दाद दिली. मग फेर्मीन, अगदी निश्चिंत मनानं. वजनाच्या बाबतीत त्याला लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या वैमानिकाच्या परवान्यावर चौऱ्याहत्तर लिहिलेलं होतं. दर वर्षी तपासणीला डॉक्टर क्वास्नोव्स्की 'तेवढंच ना?' विचारत, फेर्मीन 'तेवढंच' म्हणे, आणि मग दोघं मांस भाजायला बसत.

"सत्त्याण्णव," भोंगा म्हणाला. "पुन्हा बघतो." आणि थोड्या वेळानं, "सत्त्याण्णवच."

फेर्मीन काट्यावरून उतरायला विसरला. त्याच्या डोळ्यांपुढून मागचे सगळे रविवार सरकत गेले. विमानाच्या पुस्तकात लिहिलेल्या अंतरात म्हातारी कधी उठायचीच नाही. पन्नास पावलं पुढं जायची, कुंपण जवळ यायचं, मग जिवावर आल्यासारखी उठायची. त्यानं इंजिनाला दोष दिला होता. गवताला दिला होता, वाऱ्याला दिला होता, दोनदा सगळं इंजिन उघडायला लावून मेकॅनिकशी भांडला होता. आणि इतकी वर्षं ती बिचारी चौऱ्याहत्तर किलोच्या नव्या जावयाच्या हिशेबात सत्त्याण्णव किलोचा जुना जावई वाहून नेत होती. त्याला तिच्यापुढं शरम वाटली. विमानापुढं म्हणतोय मी, जरी सासूही समोरच उभी होती.

"उतर आता," ग्लादिस हलकेच म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "पोत्यांना काटा लागतो."

त्या रात्री घरात नवा हिशेब झाला, आणि या खेपेला त्यात कुणाला खोटं बोलता येईना, कारण सगळ्यांची वजनं गावाला पाठ झाली होती. रुबेन गळला. टोपलं गळलं. ते दोघं शुक्रवारी पहाटेच वळशाच्या रस्त्यानं निघाले. "बघा दाजी, तुमच्याआधी पोचतो," रुबेन म्हणाला. सासूबाईंनी हॅम तेवढा मांडीवर घ्यायचं ठरवलं. "त्याचंही वजन लिही," त्या जावयाला म्हणाल्या. "नाहीतर पुन्हा माझ्या नावावर टाकशील."

शनिवारी सकाळी सगळं गाव क्लबावर जमलं होतं. फेर्मीननं पुस्तक उघडून खऱ्या वजनांनी अंतर काढलं, ते पावलांनी मोजलं आणि तिथं गवतात एक रिकामं पिंप ठेवलं. सासूबाई पुढं बसल्या, मांडीवर हॅम, डोक्यावर लग्नाची टोपी. ग्लादिस मागं बसली, डोळे मिटून. मेकॅनिकनं पंखा फिरवला. म्हातारी खोकली, थरथरली आणि पळायला लागली.

पिंप जवळ आलं. आणि बरोबर पिंपापाशी, ना चार पावलं अलीकडं, ना चार पावलं पलीकडं, तिची चाकं गवतातून सुटली. निलगिरीची झाडं आली ती खालून आली. फेर्मीननं समोरच्या फळीवर हळूच थोपटलं.  तिनं कधीच खोटं सांगितलं नव्हतं, आणि आज हे साऱ्या गावानं पाहिलं होतं.

वर गेल्यावर खाली नुसतं पाणी दिसत होतं. मधेच एखादा छपराचा तुकडा, झाडांचे शेंडे, तारांच्या कुंपणाची वरची टोकं.  दोन्या एर्सिलियांनी एकाएकी जावयाचा दंड धरला. "ती पवनचक्की. जरा खाली घे."

पाण्यात एकटी पवनचक्की उभी होती आणि तिची पाती फिरत होती. "तिथं मी जन्मले," त्या म्हणाल्या. "रुबेन म्हणत होता, सगळं गेलं." फेर्मीननं तिला वळसा घातला, पंख कलता धरून, म्हणजे त्यांना नीट दिसावं. त्यांनी खिडकीवर कपाळ टेकलं. वळसा पुरा झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणखी एकदा घालता येईल? जमत नसेल तर राहू दे." टाकीत किती आहे हे फेर्मीनला ठाऊक होतं. जमत होतं. त्यानं आणखी एकदा घातला. मागं ग्लादिसनं डोळे उघडले होते आणि ती आईच्या खांद्यावरून पाहत होती.

ला एस्कोन्दिदाची धावपट्टी मात्र लेखी हमी असूनही गुरांनी भरलेली होती. फेर्मीन खालून एकदा घरघरत गेला, गुरांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. दुसऱ्यांदा आला तेव्हा देवळाकडून माणसं धावत येताना दिसली. काळ्या सुटातला नवरा मुलगा सगळ्यात पुढं, हातात टाय, त्याच्यामागं वऱ्हाड, आणि त्यांच्यामागं झगा वर धरून पाद्री. "डावीकडून घाल, डावीकडून," सासूबाई काचेवर बोटं आपटत होत्या. "त्या लाल गाईला आधी हलव, बाकीच्या मागं जातील." लाल गाय हलली. बाकीच्या मागं गेल्या. म्हातारी त्या मोकळ्या पट्टीवर अलगद टेकली.

लग्न लागलं. आजीनं चिखलानं माखलेल्या नातवाला हाताला धरून वेदीपर्यंत नेलं, आणि वाटेत त्याच्या बाहीवरचं गवत काढलं.

रविवारी दुपारी भाजलेल्या मांसाभोवती सगळी मंडळी बसली होती, तेव्हा रुबेनची पिकअप आली. गाडीचा रंग ओळखू येत नव्हता आणि रुबेनचाही. त्यानं टोपलं उतरवलं, दोन घोट पाणी प्याला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चल आई, जेवण झालं की निघू. काल नाइलाज होता, ठीक आहे. पण रस्ता आता कळलाय मला. उगाच त्या डबड्यात जीव कशाला घालायचा?"

 फेर्मीन ताटातल्या बरगडीकडं पाहत राहिला.  ग्लादिस आईकडं पाहत होती.

दोन्या एर्सिलियांनी हात पुसले आणि टोपलं उघडून पाहिलं. चीज त्यांनी नव्या नवरीपुढं ठेवलं, बाकीचं नातवापुढं. रिकामं टोपलं रुबेनच्या हातात दिलं.

"हे तू गाडीनं ने," त्या म्हणाल्या. "सांभाळून ये, घाई करू नकोस. मी आपल्या विमानानं जाते. जावयानं मला पवनचक्कीवरून न्यायचं कबूल केलंय."

असं काही त्यानं कबूल केलेलं नव्हतं. त्या टोपी घेऊन उठल्या, चिखलातून वाट काढत धावपट्टीवर गेल्या आणि कुणी हात द्यायच्या आत पुढच्या सीटवर चढून त्यांनी पट्टा लावून घेतला. ग्लादिसही पाठोपाठ गेली. फेर्मीन तेल तपासायच्या निमित्तानं इंजिनाच्या पलीकडं गेला आणि बराच वेळ तिकडंच राहिला. तेल त्यानं सकाळीच तपासलं होतं.